इन्व्हर्टर आहे, पण हिशेब केलाय?

गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे विजेशिवाय वाफाळतात. पण घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या आजोबांचे तसे नाही. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की वीज जाते. ‘इन्व्हर्टर आहे ना,’ असे म्हणून आपण निर्धास्त राहतो. हे निर्धास्तपण एकदा तपासायला हवे.

साधा हिशेब करू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास ऊर्जा मावते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य धरले, तर वापरायला हजारभर उरते. मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो. म्हणजे जेमतेम तीन तास. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. दोन पंखे आणि दिवे मात्र तीच बॅटरी सहा तास चालवते. आपला अंदाज फसतो तो इथेच.

मोठ्या यंत्रणाही फसतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली. त्या बिघाडातल्या कळवा-पडघा वाहिन्यांचे पडघा आपल्याच भिवंडी तालुक्यात आहे. त्या दिवशी मुलुंडच्या एका रुग्णालयात जनरेटरलाच आग लागली आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. पर्यायी व्यवस्था असणे आणि ती भरवशाची असणे, यात फरक आहे.

लस साठवण्याचा आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर पाहा. त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंश तापमान टिकवतो. वीज जाणारच, हे त्याच्या रचनेतच गृहीत धरले आहे.

घरीही तसेच करावे. कॉन्सन्ट्रेटरसाठी वेगळी बॅटरी ठेवावी. डॉक्टरांना विचारून भरलेला सिलिंडर हाताशी असावा. अर्थिंग तपासून घ्यावे. पावसाळ्याआधी एकदा दिवसाउजेडी, रुग्णाला सिलिंडरवर ठेवून, मेन स्विच बंद करावा आणि यंत्र खरोखर किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहावे. आरोग्य केंद्रांनीही अशी चाचणी दर महिन्याला घेऊन नोंदवहीत लिहावी. जनरेटर चालू होतो, एवढ्यावर समाधान मानू नये. सगळी यंत्रे जोडल्यावर तो टिकतो का, हे पाहावे.

वीज जाणे आपल्या हातात नाही. ती गेल्यावर किती वेळ हाताशी आहे, हे आधी माहीत असणे मात्र नक्कीच आहे.