जुन्या गाडीवर पाना चालवण्यापूर्वी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये एक भांडण कायम धुमसत असतं. एक गट म्हणतो, कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशीच ती राहिली पाहिजे. दुसरा म्हणतो, गाडी माझी, पैसे माझे, मी तिचं काहीही करीन. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पण बाजू घ्यायचीच झाली तर मी पहिल्या गटाकडे झुकतो. का, ते सांगतो.

आधी दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला पाहू. १९६१च्या अखेरीस फेरारीतले काही प्रमुख लोक एन्झो फेरारींशी बिनसल्यामुळे बाहेर पडले. २५० जीटीओ या गाडीवर काम केलेले इंजिनिअर जिओत्तो बिझारिनी त्यांतलेच एक. या मंडळींच्या नव्या कंपनीला काउंट जोवानी व्होल्पी यांनी पैसा पुरवला. साहजिकच फेरारीने व्होल्पींना जीटीओ विकायला नकार दिला. व्होल्पींनी मग आधीची २५० जीटी एसडब्ल्यूबी घेऊन बिझारिनींच्या हाती दिली. त्यांनी इंजिन मागे आणि खाली सरकवलं, छत सरळ शेपटीपर्यंत ओढलं. पाव पोहोचवणाऱ्या गाडीसारखी दिसणारी ही कार ‘ब्रेडव्हॅन’ म्हणून ओळखली गेली. १९६२च्या ल मान्स शर्यतीत ती यांत्रिक बिघाडामुळे काही तासांतच बाद झाली, पण तोवर ती जीटीओंच्या पुढे होती. आज कुणी तिला पुन्हा ‘मूळ’ रूपात आणायला निघाला, तर त्याला शहाणा कोण म्हणेल?

तेव्हा फेरफार हाही इतिहास असू शकतो, हे मान्य. पण ब्रेडव्हॅन घडली ती तिच्या काळात, शर्यत जिंकण्यासाठी. तेव्हा ती जेमतेम वर्षभराची, रोजच्या झुंजीतली गाडी होती. साठ वर्षांनी त्याच काळातल्या गाडीचं इंजिन उपटून काढणं ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा हाताशी एक यंत्र होतं. आज हाताशी एक कागदपत्र आहे, फक्त ते पत्र्यावर लिहिलेलं आहे.

दुसरा मुद्दा संख्येचा. २५० जीटीओ अवघ्या ३६ बनल्या. पोर्शेची ९११ मालिकेतली ‘९६४’ साठ हजारांहून अधिक बनली. कॅलिफोर्नियाची ‘सिंगर’ ही कंपनी २००९पासून याच ९६४ गाड्या सोलून, कार्बन फायबरचं अंग चढवून नव्याने घडवते. त्यांचं काम देखणं आहे, आणि साठ हजारांतल्या काही गाड्यांवर ते झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. तरी एक लक्षात ठेवावं: ‘अशा तर पुष्कळ आहेत’ असं प्रत्येकाला वाटत गेलं, की पुष्कळ असलेली वस्तूही हळूहळू दुर्मीळ होते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: केलेला बदल परत फिरवता येतो का? जॅग्वारने २०१७मध्ये जुन्या ई-टाइपचं विजेवर चालणारं रूप दाखवलं. त्यांनी आवर्जून सांगितलं की बॅटरी मूळ इंजिनाच्याच आकाराची आणि वजनाची आहे, त्यामुळे पेट्रोल इंजिन पुन्हा बसवता येईल. तरीही ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने पुढे स्पष्ट केलं की असं इंजिन बदललेलं वाहन ऐतिहासिक धरता येणार नाही. मात्र बदल करायचाच तर काढलेले भाग सांभाळून ठेवा, असा सल्लाही दिला. मला तो फार व्यवहारी वाटतो.

आपल्याकडचा कायदाही याच बाजूचा आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल असेल तर ती सवलत नाही.

मूळपणाच्या आग्रही मंडळींनाही दोन शब्द. वातानुकूलित गॅरेजात चादरीखाली झाकलेली, फक्त भाव वाढण्याची वाट पाहणारी गाडी म्हणजे जतन नव्हे. गाडी चालली पाहिजे. सुरुवातीच्या ई-टाइपचे ब्रेक आणि कूलिंग यांबद्दल तेव्हापासूनच तक्रारी होत्या. आजच्या रहदारीत कुणी चांगला रेडिएटर, विजेचा पंखा बसवला आणि जुने भाग तेल लावून गुंडाळून ठेवले, तर त्याला पापी ठरवू नये. पण विकताना हे सगळं लेखी सांगावं. बदललेली गाडी मूळ म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आणखी एक नुकसान फारसं बोललं जात नाही. कानाने कार्बोरेटर जुळवणारे, हातोडीने पत्रा पुन्हा मूळ वळणावर आणणारे मिस्त्री आपल्या शहरांत अजून आहेत. त्यांतले कित्येक आपल्याच मोहल्ल्यांतले, वडिलांकडून किंवा उस्तादाकडून हात शिकलेले. जुनं इंजिन काढून तयार मोटर बसवली की या हुनराचं एक गिऱ्हाईक कमी होतं. गाडी मूळ राखणं म्हणजे हे हात कामावर ठेवणंही आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दुर्मीळ गाडीला हात लावू नका. पुष्कळ बनलेल्या गाडीत बदल करा, पण परत फिरवता येईल एवढाच, आणि त्याची नोंद ठेवा. कागदावर तुम्ही मालक असाल. गाडी मात्र तुमच्यानंतरच्या माणसाची अमानत आहे.