चियांग माई : स्वस्ताईचा पुरा हिशेब

दूरस्थ काम, म्हणजे नोकरी एका देशातील आणि वास्तव्य दुसऱ्या देशात अशी संगणकाधारित व्यवस्था, पुण्या-मुंबईतील तरुण वाचकांनाही आता आवाक्यातील वाटू लागल्याने, प्रस्तुत अंकाने १२९६ मध्ये लान्ना राज्याची राजधानी म्हणून वसलेले उत्तर थायलंडमधील चियांग माई हे शहर अभ्यासासाठी निवडले आहे. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ पाच वर्षे वैध असून एका प्रवेशावर १८० दिवस राहू देतो. मात्र त्यासाठी पाच लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते, आणि कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की व्यक्ती करनिवासी, म्हणजे थायलंडच्या करकायद्याच्या कक्षेत येणारी रहिवासी, ठरते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतांतील व जंगलांतील आगींचा धूर डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात कोंडतो. घरभाड्याच्या हिशेबात तो धरला जात नाही, ही संपादक मंडळाला गंभीर उणीव वाटते. परक्या चलनात कमावणाऱ्यांना स्वस्त वाटणारे भाडे बाथमध्ये वेतन घेणाऱ्या स्थानिकाला परवडते का, हा या अंकाचा मुख्य प्रश्न आहे. तेथे राहिलेल्या वाचकांनी आपले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहून पाठवावेत.