नाव नव्हे, वाटण विचारावे

कल्याण-डोंबिवलीतील चायनीज उपाहारगृहांच्या पदार्थयादीत 'सिंगापुरी नूडल्स' हमखास आढळतात, आणि त्यांच्यापुढे पुष्कळदा 'जैन' हा शब्दही छापलेला असतो. वस्तुतः करी मसाला घातलेल्या या पिवळ्या शेवया मूळच्या सिंगापूरच्या नव्हेत. त्या हाँगकाँगच्या कँटनी स्वयंपाकघरांतून निघाल्या असे मानले जाते. जसे नावावरून पदार्थाचे गाव कळत नाही, तसेच 'जैन' या शब्दावरून त्यातील जिन्नसही कळत नाहीत. आता ठाण्यातही लाक्सा, साते, नासी गोरेंग ही नावे तरुण मंडळींच्या परिचयाची झाली आहेत. सुटीच्या दिवशी नातवंडांचा हट्ट अशाच एखाद्या उपाहारगृहाचा असतो. मग आजी-आजोबा एक तर घरी राहतात, किंवा सोबत जाऊन पांढऱ्या भातावर भागवतात. कुटुंबाने एकत्र जेवावे आणि नियमही अभंग राहावा, असे वाटत असेल तर या पाककलेची घडण समजून घेणे आवश्यक आहे.

मलेशिया-सिंगापूरच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'रेम्पाह' नावाचे वाटण. त्यात लहान कांदे, लसूण, सुकी मिरची, हळद, गवती चहा आणि आल्यासारखा दिसणारा कुलिंजन हा कंद असतो. त्याच्या जोडीला बहुधा 'बेलाचान' येते. म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, कुटून, वाळवून केलेली वडी. लाक्साच्या वाडग्यातील कोळंबी वगळून तेथे पनीर घातले, तरी रस्सा त्याच वाटणाचा राहतो. नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधात, केवड्याच्या कुळातील पान घालून शिजवतात. त्यासोबतच्या 'सांबाल' चटणीत सुकी मासळी असते. पावाला लावायचा 'काया' हा गोड लेप नारळाच्या दुधाचा असला तरी त्यात अंडे असते. गोड असल्यामुळे त्याविषयी शंकाही येत नाही.

हिरवे चिन्ह पाहून निश्चिंत व्हावे काय? अन्न सुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार अंडे मांसाहारात मोडते. दूध आणि मध मात्र त्यातून वगळले आहेत. म्हणून वेष्टनावरील हिरवे चिन्ह अंडे, मासळी व बेलाचान यांपासून संरक्षण देते. कांदा, लसूण, कुलिंजन आणि मध यांच्याविषयी ते काहीच सांगत नाही. २०२० च्या विनियमांनी दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना उष्मांकांबरोबर ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणेही बंधनकारक केले आहे. त्या माहितीत कोळंबीवर्गीय जीव, मासे व अंडी यांचा उल्लेख असतो. तो अवश्य वाचावा. लहान उपाहारगृहांत मात्र विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

व्यापारी माणूस चिठ्ठी पाहून माल उचलत नाही, नमुना पाहतो. तोच विवेक येथे हवा. 'जैन मिळेल का?' या प्रश्नाला 'होऊन जाईल' हे उत्तर ठरलेलेच असते. ते सौजन्याचे उत्तर आहे, माहितीचे नव्हे. त्याऐवजी आदल्या दिवशी दूरध्वनी करून नेमके विचारावे: वाटण तेथेच करतात की तयार डब्यातून घेतात? कांदा, लसूण, ओले आले व कुलिंजन वगळून ते वेगळे करता येईल का? कालवांचा किंवा माशांचा सॉस कोणत्या पदार्थांत पडतो? कढई आणि तळणाचे तेल वेगळे असते का? वाटण तयार डब्यातले असेल, तर तेथे जैन लाक्सा होणे नाही. हे प्रांजळपणे सांगून 'नाही' म्हणणाऱ्या आचाऱ्याचा राग न धरता त्याचे आभार मानावेत.

मागवण्याजोगे पदार्थही या स्वयंपाकात आहेत. 'रोटी चनाई' हा दक्षिण भारतातून तिकडे गेलेला पदरी पराठा आहे. कणकेत अंडे नसल्याची खात्री करून तो कांद्याविना केलेल्या डाळीबरोबर घ्यावा. सातेची शेंगदाण्याची चटणी कांदा व कुलिंजन वगळून करता येते. शेंगदाणा जमिनीखाली वाढत असला तरी तो कंद नसून शेंगेतील बी आहे, आणि बहुतेक जैन घरांत तो चालतो. 'पुटू मायाम' म्हणजे तांदळाच्या शेवया, खोवलेला नारळ व गूळ. कोकणातील शिरवाळ्यांचे हे भावंडच. 'चेंडोल' हे नारळाचे दूध व ताडगुळाचे पक्वान्न बर्फ न घालता मागवावे, कारण बावीस अभक्ष्यांत बर्फही येतो.

वेळेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. डिसेंबरच्या प्रारंभी ठाण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि अनेक उपाहारगृहांची संध्याकाळची चूल सातला पेटते. चौविहार पाळणाऱ्यांना सोबत घ्यायचे तर दुपारचे जेवण ठरवावे.

टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरामुळे ठाण्याचे नाते श्रीपाल राजाच्या कथेशी जोडलेले आहे. धवल शेठने समुद्रात ढकललेला श्रीपाल नवपदाच्या स्मरणाने याच किनाऱ्याला लागला, असे कथा सांगते. व्यापारासाठी समुद्र ओलांडणे या समाजाला नवे नाही. सिंगापुरात जैन समाजाची संस्था आहे, तर मलेशियातील इपो शहरात जैन मंदिर आहे. तेथील चिनी बौद्धांच्या शाकाहारी खानावळींत परंपरेने कांदा-लसूण वर्ज्य असतो. कंदमुळे व अंडे यांविषयी मात्र तेथेही विचारावे लागते.

म्हणूनच ठाण्यातील त्या टेबलावर हे प्रश्न वडीलधाऱ्यांनी न विचारता नातवाला विचारू द्यावेत. आज आजीच्या ताटासाठी त्याने वाटणाची चौकशी केली, तर उद्या शिक्षणासाठी वा व्यापारासाठी परदेशी एकटा राहताना ती चौकशी तो स्वतःच्या ताटासाठीही करील.