कुरकुर ही अवजाराची तक्रार होय

लोखंडी अवजार कुरकुरू लागले की ‘जुने झाले, चालायचेच’ असे म्हणून आपण पुढे जातो. ही वृत्ती आता सोडली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. बैल अगर गाय आजारी पडली तर आपण रात्र जागून काढतो. मग ज्याच्या भरवशावर पेरणी व्हावयाची, त्या यंत्राची तक्रार का ऐकू नये?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचा पाऊस समाधानकारक झाला, जमिनीला वाफसा आला आणि गटातील शेतकऱ्यांनी सामाईक पेरणी यंत्र बाहेर काढले. मागील हंगामात ते घरोघर फिरले होते. परंतु शेवटी ते कोणी धुतले नव्हते. खताच्या पेटीत राहिलेले खत दगडासारखे घट्ट झाले होते आणि आतील फिरता दांडा गंजून बसला होता. ठोकाठोकीत अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस कोसळला, वाफसा गेला आणि पेरणी आठवडाभर लांबली. ज्याची पाळी शेवटची होती, त्या अल्पभूधारकाचे नुकसान सर्वांत अधिक झाले. यंत्र सर्वांचे होते, म्हणूनच ते कोणाचेच नव्हते!

कुरकुर होते तरी कशाने? डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे लोखंड प्रत्यक्षात खडबडीत असते. दोन कोरडे भाग एकमेकांवर घासताना क्षणभर अडकतात, जोर वाढला की निसटतात व पुन्हा अडकतात. हे अडकणे आणि निसटणे एका सेकंदात शेकडो वेळा घडते. त्यामुळे धातू थरथरतो व तो थरकाप आपणांस आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. वंगणाचा पातळ थर दोन्ही भागांना अलग ठेवतो, म्हणून आवाज थांबतो. आपल्या पूर्वजांना हे अनुभवाने ठाऊक होते. गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे पाहिल्यावाचून जुना गाडीवान बैल जुंपीत नसे. आज गाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, परंतु ती शिस्त मात्र मागे राहिली.

गंजाची गोष्ट निराळी. लोखंड, हवा आणि ओल ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो. तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो; म्हणून गंजलेले बोल्ट आवळल्यासारखे घट्ट बसतात. शिवाय तो सच्छिद्र असल्याने खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही, आतला भाग खातच राहतो. खते व मीठ ओल ओढून घेतात आणि ही क्रिया वेगाने घडवितात. म्हणून खताशी संबंध येणारे यंत्र त्याच दिवशी रिकामे करावे, धुवावे व उन्हात पूर्ण वाळवावे. खारी हवा लागणाऱ्या कोकणपट्टीत तर याविषयी दुप्पट दक्षता हवी.

मोरचुदाचे उदाहरणही बोधप्रद आहे. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, असे आम्ही नेहमी सांगतो. मोरचुदातील तांबे लोखंडावर चढते आणि तितके लोखंड झिजून द्रावणात जाते. मिश्रण तयार झाल्यावर त्यात स्वच्छ विळा बुडवून पाहण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे व चुन्याची निवळी आणखी घातली पाहिजे, असे समजावे.

वंगण देण्यातही विवेक हवा. ग्रीस भरण्यापूर्वी तोंड पुसून घ्यावे, अन्यथा धूळ आत जाते. तेलात मिसळलेली माती कानसीप्रमाणे धातू झिजविते. यास्तव जुने, मळके वंगण काढूनच नवे घालावे. खाद्यतेल कालांतराने चिकट होते, ते वापरू नये. पट्टे, रबरी भाग व ब्रेक यांना तेल लागू देऊ नये. कडबा कापणीच्या यंत्रास तेल देताना वीजपुरवठा बंद केलेला असावा. नांगराचा फाळ हंगामात मातीने आपोआप घासला जातो. मात्र ठेवणीत टाकताना त्यावर तेलाचा हात फिरवून तो जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावा.

‘एवढा वेळ कोठून आणावा?’ असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे: सुगीनंतरचा अर्धा तास वाचवून आपण पेरणीचे दिवस गमावतो. दोष केवळ शेतकऱ्यांचा नाही. अवजार खरेदीस अनुदान मिळते, त्याचे प्रात्यक्षिकही होते; परंतु ते कसे राखावे हे सांगण्यात आम्ही अधिकारी उणे पडतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखात एक दिवस ठरवून गावातील यंत्रे चावडीपुढे आणवावीत, प्रत्येक दांडा हाताने फिरवून पाहावा. सामाईक अवजाराबरोबर एक वही ठेवावी; ज्याने यंत्र धुऊन, वंगण देऊन परत केले त्याने तीत सही करावी आणि सही नसल्यास पुढच्याने ते स्वीकारू नये.

एवढे झाले तर मृगाच्या पहिल्या वाफशाला यंत्र निमूटपणे चालू लागेल. आणि शेवटच्या पाळीच्या शेतकऱ्याचीही पेरणी वेळेवर होईल.