वितळवायचं नाही, तरी जोडायचं!



दसरा झाला की आमच्या बारामती-इंदापूर भागात एकच लगबग सुरू होते. साखर कारखाने पेटायची वेळ जवळ आलेली असते. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करून घ्यायच्या असतात. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची ही रांग लागते!

अशाच एका सकाळी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा डोळे चोळत आला. डोळे लालभडक, सारखं पाणी गळतंय. "बाई, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं. झोपच नाही." विचारलं तेव्हा कळलं, की आदल्या संध्याकाळी तो वडिलांबरोबर ट्रॉलीचा तडकलेला सांगाडा जोडून घ्यायला गेला होता. वेल्डिंग करणाऱ्या दादांच्या तोंडापुढे काळी काच होती. हा मात्र उघड्या डोळ्यांनी तासभर तो निळा उजेड बघत बसला!

लगेच दवाखान्यात नेलं. औषध मिळालं, दोन दिवसांत डोळे बरे झाले. आणि तिसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं वर्गात विचारलं, "बाई, लोखंड जोडायला एवढा उजेड लागतोच का?"

काय छान प्रश्न आहे, नाही? चला, उत्तर शोधू या.

दुकानात चालतं ते विजेचं वेल्डिंग. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची ठिणगी सतत पेटती राहते. पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं आणि ही ठिणगी त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते. दोन्ही कडा वितळतात, रॉडही वितळतो, सगळ्यांचा मिळून रस होतो आणि थिजतो. झाला सांधा! पण त्या ठिणगीतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही निघतात. ते डोळ्यांचा वरचा पडदा भाजतात. गंमत अशी, की तेव्हा काहीच कळत नाही. त्रास सुरू होतो काही तासांनी, रात्री!

पण लोखंड न वितळवताही जोडता येतं. हे आपल्या गावच्या लोहारांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आजोबांना बैलगाडीच्या चाकाची 'धाव' विचारा. लाकडी चाकावर बसवायची ती लोखंडी पट्टी. लोहार पट्टीची दोन टोकं भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायचा, एकावर एक ठेवायचा आणि दणादण घणाचे घाव! टोकं एकजीव व्हायची. लोखंड मेणासारखं मऊ व्हायचं, पण त्याचा रस होत नसे.

हीच युक्ती आज यंत्र करतं, आणि तीही भट्टीशिवाय. मग उष्णता येते कुठून? तळहात जोरात एकमेकांवर घासा बघू. झाले ना गरम? तेच ते! याला म्हणतात घर्षण वेल्डिंग. दोन दांडे समोरासमोर धरतात. एक गरागरा फिरतो, दुसरा त्याच्यावर दाबून धरलेला असतो. काही सेकंदांतच टोकं लालबुंद होतात, मऊ पडतात. मग फिरणं एकदम थांबवायचं आणि आणखी जोरात दाबायचं. सांध्याभोवती मऊ धातू बाहेर येऊन त्याची कॉलर तयार होते. ती कापून टाकली की काम फत्ते! रॉड नको आणि तो निळा उजेडही नाही. सोव्हिएत रशियात १९५६च्या सुमारास चुडिकोव्ह नावाच्या यंत्र-कारागिरानं ही पद्धत करून दाखवली आणि मग ती जगभर पसरली.

करून पाहा : आईकडून कणकेचे दोन छोटे गोळे घ्या. त्यांना कोरडं पीठ लावा आणि नुसते चिकटवा. लगेच सुटतील. आता तेच गोळे पिळत पिळत जोरात दाबा. पिठाचा थर कडेला सरकतो, आतली ओली कणीक ओल्या कणकेला भेटते आणि गोळे घट्ट चिकटतात. लोखंडावरही गंजाचा, मळाचा पातळ थर असतो. तो कॉलरबरोबर बाहेर जातो आणि आतला स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भेटतो.

या पद्धतीनं दोन वेगळ्या जातींचे धातूही जोडता येतात. तांबं आणि ॲल्युमिनिअमसुद्धा! इंजिनाच्या व्हॉल्व्हचंच पाहा. त्याचं डोकं आगीत असतं, म्हणून तिथे उष्णता सोसणारं महाग पोलाद हवं. दांडीला मात्र साधं, कणखर पोलाद चालतं. बऱ्याच इंजिनांत हे दोन तुकडे असेच घासून जोडलेले असतात. म्हणजे ट्रॉली जोडली निळ्या उजेडात, पण ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पोटात कदाचित घर्षणाचा सांधा असेल!

मग ट्रॉलीही तशीच का नाही जोडत? अहो, एवढा सांगाडा गरागरा फिरवणार कोण? शिवाय ते यंत्र अवजड, ते शेतावर नेता येत नाही. सपाट पत्रे तरी कसे फिरवणार? त्यावर १९९१मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या एका संस्थेत तोड निघाली. पत्रे स्थिर ठेवायचे आणि सांध्यात फिरती खुंटी घुसवून कडेकडेनं चालवायची. मऊ झालेला धातू घुसळला जातो आणि पत्रे जुळतात. ॲल्युमिनिअमसाठी ही पद्धत फार उपयोगी पडते.

आणि काही वेळा सांधा नसणंच उत्तम! बारामतीच्या एमआयडीसीत बिनसांध्याच्या पोलादी नळ्यांचा कारखाना आहे. तो बरीच वर्षे आयएसएमटी या नावानं ओळखला गेला. अशी नळी करताना लाल तापलेला भरीव दांडा तिरक्या रुळांमधून फिरवत पुढे ढकलतात आणि समोरचं टोकदार अवजार त्याच्या पोटात शिरतं. सांधाच नाही, तर उकलणार काय? ऊसतोडीचा कोयताही तसाच, ठोकून घडवलेला.

म्हणजे बघा, कोणतीच पद्धत थोर नाही की कमी नाही. कढईच्या कानाला रिव्हेट, पातळ पत्र्याच्या डब्याला डाख, ट्रॉलीला विजेचं वेल्डिंग आणि व्हॉल्व्हला घर्षण. ज्याचं त्याला!

माझ्या विद्यार्थ्याला उत्तर मिळालं, "उजेड दर वेळी लागतोच असं नाही. पण जिथे लागतो, तिथे काळी काच लागतेच." तो आता दुकानासमोरून जाताना पाठ फिरवतो आणि धाकट्या भावालाही फिरवायला लावतो. तुम्हीही तसंच करा. आणि तुमचा ताई-दादा दुकानात हाताखाली काम करत असेल, तर त्यालाही आजच हे वाचून दाखवा.

या आठवड्याचा उद्योग : घरातले पाच सांधे शोधा. कोणता सांधा कसा जोडलाय ते वहीत लिहा. जो सुटला असेल, तो का सुटला असावा, याचाही विचार करा.

तुमच्या बाई