खेळ मैदानावर कमी, डोक्यात जास्त!

मित्रहो, "कळंबमध्ये गोल्फ?" म्हणून हसू नका! आपल्याकडे चालतं ते बैलगाड्यांचा घाट, कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. गोल्फ बघायचा तर हायवे धरून थेट पुण्याला, येरवड्यापर्यंत जावं लागेल. पण या खेळातली एक गोष्ट आपल्या होस्टेलवर यायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, विचार करायला वेळच नसतो. गोल्फचा बॉल मात्र गवतावर गप्प पडून असतो. अठरा होल खेळायला चारेक तास लागतात, त्यात प्रत्यक्ष फटके मारण्यात जातात थोडीच मिनिटं. बाकी वेळ चालायचं आणि विचार करायचा... मागचा फटका चुकला, आता हाही चुकला तर? म्हणून चांगले गोल्फर प्रत्येक फटक्याआधी एक ठरलेला क्रम पाळतात. बॉल कुठे पडायला हवा ते डोळ्यांपुढे आणायचं, श्वास सावकाश सोडायचा, एकदा स्टिक नुसतीच फिरवून बघायची आणि मग मारायचं. जिंकताना तोच क्रम, हरतानाही तोच!

नेमबाजीतही असंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफलच्या फायनलमध्ये पुढे होता. एक शॉट ७.६ चा गेला आणि तो चौथा आला. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये तो पहिल्या टप्प्यानंतर सहावा होता, दुसऱ्यानंतर पाचवा. तरी गडबडला नाही. ४५१.४ गुण आणि ब्राँझ! नंतर त्याने सांगितलं ते एवढंच, की वेगळं काही केलं नाही, श्वासावर लक्ष ठेवलं.

आता आपल्या ओरलकडे या. एक्स्टर्नलचा पहिला प्रश्न चुकतो, आणि मग पाठ असलेले पुढचे तीनही जातात. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, तर मन पहिल्याच प्रश्नापाशी अडकलं म्हणून! यावर उपाय आहे. दाराबाहेर चार श्वास सावकाश सोडा. पहिलं उत्तर, त्याची आकृती डोळ्यांपुढे आणा. प्रश्न आला की दोन सेकंद थांबा. उत्तर दिलं की तो प्रश्न संपला. मात्र हे आयत्या वेळी जमत नाही. रूम पार्टनरला एक्स्टर्नल करून आठवडाभर आधीपासून सराव करायला हवा.

म्हणूनच सरांना आणि मॅडमना विनंती, की 'पॉझिटिव्ह थिंकिंग'चं दोन तासांचं लेक्चर ठेवण्यापेक्षा दुसऱ्या डिपार्टमेंटचे सर बसवून प्रत्येकाची एक लुटुपुटूची ओरल घ्या. लेक्चरला टाळ्या पडतात, पण मेसच्या जेवणापर्यंत सगळं विसरलेलं असतं!

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. श्वास सोडल्याने सर्किट सुटत नाही, अभ्यास करावाच लागतो. आणि एखादा मित्र दिवसेंदिवस झोपत नसेल, जेवत नसेल, तर त्याला या युक्त्या शिकवत बसू नका. रेक्टर सरांना सांगा, डॉक्टरकडे घेऊन जा. ते काम क्रमाचं नाही, सोबतीचं आहे.

येत्या ओरलला करून तर बघा! पटलं नाही तर मेसमध्ये भांडायला मी आहेच.