वळवापूर्वी वायपर बदला

पावसाळ्याची तयारी म्हटली की आपणांस छपराची गळती आठवते, छत्र्या आठवतात, धान्याचे डबे आठवतात. दारातील मोटारीच्या काचेवरील वायपरची आठवण मात्र पहिली सर अंगावर आल्यावरच होते. मुंबई-पुण्याचे वाचक निदान जून जवळ आला की सावध होतात. बंगळूरला बिऱ्हाड केलेल्या कुटुंबांना तेवढा अवधी मिळत नाही. तेथे एप्रिल-मे महिन्यांतच संध्याकाळी वळीव कोसळतो. सप्टेंबर हा सरासरीने सर्वांत जास्त पावसाचा महिना, आणि ऑक्टोबरातही आभाळाचा भरवसा नसतो. त्याआधीचे कोरडे महिने वायपरचे रबर उन्हात निमूटपणे तापत पडलेले असते.

ऊन, हवेतील ओझोन वायू आणि धूळ हे रबराचे तीन शत्रू होत. रबराची पातळ कड काचेवर प्रत्येक फेरीत एका बाजूस कलते व परतताना दुसऱ्या बाजूस वळते. ती कडक झाली की वळत नाही, आणि पाणी निपटण्याऐवजी पसरविते. मग समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश काचेवर फाकतो व रस्ता ओलांडणारा पादचारी क्षणभर दिसेनासा होतो. काचेवर रेघा उरणे, मधला पट्टा न पुसला जाणे, पट्टी थरथरणे किंवा कुरकुरणे यांपैकी काहीही आढळल्यास नवीन पट्टी आणावी. सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा ती बदललेली बरी.

या साध्या साधनाचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन या महिलेने १९०३ साली, आतून दांड्याने हलविता येणाऱ्या वायपरचे पेटंट मिळविले. परंतु त्यातून तिला काहीही प्राप्ती झाली नाही. बॉश या जर्मन कंपनीने १९२६ साली विजेवर चालणारा वायपर बाजारात आणला. याच कंपनीच्या सहकार्याने १९५१ साली ‘मायको’ची स्थापना झाली. आज आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीस यंत्रशक्तीने चालणारा कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. प्रथम दोन्ही पट्ट्यांची लांबी मोजावी. चालकाच्या बाजूची पट्टी पुष्कळदा अधिक लांब असते. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. दांडा काचेपासून अलगद उभा करावा. काही मोटारींत दांड्याचे मूळ बॉनेटखाली दडलेले असते. तेथे माहितीपुस्तिका पाहून दांडे आधी दुरुस्तीच्या स्थितीत आणावेत. काचेवर जाड टॉवेलची घडी अवश्य ठेवावी. दांड्यात स्प्रिंग असते. पट्टी काढल्यावर उघडा दांडा हातून निसटला तर काचेस तडा जाऊ शकतो.

बहुतेक दांड्यांचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. पट्टी आडवी फिरवून मधली खिटी दाबावी व पट्टी दांड्याच्या मुळाकडे सरकवावी. ती आकड्यातून सुटते. नवीन पट्टी उलट क्रमाने आकड्यात घालून ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत वर ओढावी. हलकेच ओढून ती पक्की बसल्याची खात्री करावी, मगच दांडा हाताने धरून खाली टेकवावा. शेवटी काचेवर पाणी मारून वायपर चालवून पाहावा. आकडा निराळ्या प्रकारचा असल्यास जोर करू नये. जुनी पट्टी दुकानात दाखवून जुळणारी घ्यावी.

नवी पट्टी टिकविणे गृहिणीच्या किंवा मुलांच्याही हातचे काम आहे. आठवड्यातून एकदा रबर ओल्या फडक्याने पुसावे. रॉकेल, पेट्रोल किंवा तेल लावू नये, रबर फुगते. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये, कारण बांधकामांची बारीक धूळ काचेवर ओरखडे पाडते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग काचेवर वाळू देऊ नयेत, आणि तेच पाणी फवाऱ्याच्या टाकीतही भरू नये.

एवढे लक्षात ठेवण्यास दोन दिवस पुरेत. आपला गुढीपाडवा आणि कन्नड बांधवांची उगादी एकाच दिवशी येतात; त्याच सुमारास, वळवापूर्वी, पट्ट्या बदलाव्यात. पुढे नवरात्रात आयुधपूजेसाठी बंगळूरभर मोटारी धुतल्या जातात. त्या दिवशी हार घालण्यापूर्वी वायपरच्या रबरावरून एकवार बोट फिरवून पाहावे. कड मऊ लागली तर पूजा करावी. कडक लागली तर आधी दुकान गाठावे.